सोर्समधून डॉक्युमेंटेशन बिल्ड करताना: गाडी कुठे अडते आणि कोणत्या क्रमाने जायचं

उद्यमनगरात जुन्या मशीनवर लिनक्ससीएनसी (कारखान्यातलं मशीन संगणकाने चालवणारा प्रोग्रॅम) बसवणारा मेकॅनिक असो, नाहीतर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी पायथनची लायब्ररी खणत बसलेली विद्यार्थिनी असो, तक्रार एकच असते: "प्रोग्रॅम व्यवस्थित बिल्ड झाला, पण डॉक्युमेंटेशनला मेक एचटीएमएल मारलं की एररच एरर." मग ज्याला जे सुचेल ते इन्स्टॉल करत सुटायचं. तासाभराने मशीनवर स्फिंक्सची (डॉक्युमेंटेशन बनवणारं पायथनचं अवजार) तीन व्हर्जन असतात आणि एचटीएमएलचं पान मात्र एकही नसतं.

बिल्ड म्हणजे सोर्समधून, म्हणजे लिहिलेल्या मूळ फाइलींतून, वापरण्याजोगं रूप तयार करणं. प्रोग्रॅमचं बिल्ड आणि डॉक्युमेंटेशनचं बिल्ड यांचा संसार वेगळा असतो. प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असेल आणि त्याचं मॅन्युअल पायथनच्या अवजारांनी बनत असेल. त्या अवजारांची व्हर्जन वेगळी, ती बदलण्याचा वेगही वेगळा. जे मॅन्युअल २०२१ मध्ये लिहिलं ते आजच्या अवजारांनी बनेलच असं नाही, आणि बहुतेक घोडं इथेच अडतं. त्यामुळे खालचा क्रम मोडू नका.

कमांड आणि फाइलची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

## १. बिल्ड करायची खरंच गरज आहे का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून पहिला. डेबियन आणि उबुंटूवर बऱ्याच सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन तयार पॅकेज म्हणून मिळतं: पायथन३-डॉक, पोस्टग्रेएसक्यूएल-डॉक वगैरे. लिनक्ससीएनसीचंही वेगळं डॉक पॅकेज आहे. वर्कशॉपमधल्या नेट नसलेल्या मशीनवर फक्त वाचायला हवं असेल तर "ॲप्ट सर्च" करून बघा आणि विषय तिथेच संपवा.

सोर्समधून बिल्ड करण्याची रास्त कारणं तीनच. तुम्ही वापरता त्या नेमक्या व्हर्जनचं मॅन्युअल कुठे तयार मिळत नाही. तुम्ही स्वतः मजकुरात दुरुस्ती पाठवणार आहात. किंवा मराठी अनुवाद करून तो पानावर कसा दिसतो ते बघायचं आहे.

## २. डॉक्युमेंटेशन कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

डॉक किंवा डॉक्स नावाचा फोल्डर उघडा आणि आत काय पडलंय ते बघा.

कॉन्फ.पीवाय आणि आरएसटी फाइल दिसल्या तर स्फिंक्स. पायथनचं स्वतःचं मॅन्युअल, लिनक्स कर्नल, जँगो, क्यूजीआयएस हे सगळे याच घरचे. एमकेडॉक्स.वायएमएल दिसली तर एमकेडॉक्स. डॉक्सीफाइल असेल तर डॉक्सिजन. टीईएक्सआय फाइल म्हणजे टेक्सइन्फो, म्हणजे बहुधा ग्नूचं सॉफ्टवेअर. एडीओसी फाइल म्हणजे ॲस्कीडॉक. लिनक्ससीएनसी या गटातलं. पोस्टग्रेएसक्यूएलचं मॅन्युअल डॉकबुकमध्ये आहे. त्याच्या फोल्डरचं नाव अजून एसजीएमएल असलं तरी आतला मजकूर आता एक्सएमएल आहे, नावावर जाऊ नका.

नंतर सर्वांत उपयोगी फाइल शोधा. प्रोजेक्टच्या मुळाशी .रीडदडॉक्स.वायएएमएल असेल तर तिच्यात पायथनचं कोणतं व्हर्जन, सिस्टिमची कोणती पॅकेजं आणि कोणती रिक्वायरमेंट्स फाइल (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) हे सगळं लिहिलेलं असतं. ती नसेल तर .गिटहब फोल्डरातल्या वर्कफ्लोज (आपोआप बिल्ड चालवणाऱ्या फाइल) बघा. रीडमी जुनं झालेलं असतं, कारण माणसं ते अपडेट करायला विसरतात. बिल्डची ही फाइल मात्र रोज मशीन वाचतं. ती चुकीची असेल तर प्रोजेक्टवाल्यांचंच बिल्ड बंद पडतं. रीडमी आणि ही फाइल यांत फरक दिसला तर फाइलवर विश्वास ठेवा.

## ३. सोर्स नीट घ्या

झिप डाउनलोड करू नका. झिपमध्ये गिटचा (बदलांची नोंद ठेवणारं अवजार) इतिहास नसतो, सबमॉड्यूल (आत जोडलेले दुसरे प्रोजेक्ट) नसतात. डॉक्युमेंटेशनची थीम सबमॉड्यूल म्हणून ठेवलेली असेल तर तो फोल्डर रिकामा येतो आणि "थीम सापडली नाही" असा एरर येतो. अनेक पायथन प्रोजेक्ट आपलं व्हर्जन गिटच्या टॅगवरून (रिलीजला लावलेली खूण) काढतात. झिपमध्ये टॅगच नाही, मग इन्स्टॉललाच ठेच.

क्लोन करा, म्हणजे इतिहासासकट पूर्ण प्रत घ्या, मग तुम्ही वापरता त्या व्हर्जनच्या टॅगवर जा:

गिट चेकआउट (टॅगचं नाव)
गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह

हा क्रम महत्त्वाचा. सबमॉड्यूल आधी घेतले आणि टॅग नंतर बदलला, तर सबमॉड्यूल मुख्य ब्रँचच्या वेळचे राहतात आणि मजकूर जुन्या टॅगचा. एरर असा विचित्र येतो की कारण लक्षातच येत नाही.

जुलैत लाइट गेली आणि क्लोन अर्ध्यात तुटलं तर गिट ते पुढे चालू करत नाही, पहिल्यापासून सुरू करतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालू असेल तर क्लोन करतानाच --डेप्थ १ आणि --ब्रँच देऊन फक्त तो एक टॅग घ्या. मुख्य ब्रँचचं डेप्थ १ घेतलंत तर टॅग येत नाहीत आणि व्हर्जन भलतंच दिसतं. तसं झालंच तर "गिट फेच --अनशॅलो --टॅग्ज" करून इतिहास भरून घ्या.

ग्नू सॉफ्टवेअरची एक खोच आहे. त्यांच्या रिलीजच्या टारबॉलमध्ये (सगळा सोर्स बांधलेली एक फाइल) इन्फो पानं आधीच तयार करून टाकलेली असतात, त्यामुळे ती बनवणारं मेकइन्फो नसलं तरी काम चालतं. गिटमधून घेतलं की ती पानं नसतात आणि "मेकइन्फो इज मिसिंग ऑन युअर सिस्टिम" असं दिसतं. टेक्सइन्फो पॅकेज टाका, प्रश्न मिटतो. मजकूर बदलायचा नसेल तर सरळ टारबॉल घ्या.

तपासा: "गिट स्टेटस" स्वच्छ आहे का, "गिट डिस्क्राइब --टॅग्ज" तुमच्या टॅगचं नाव सांगतं का. नसेल तर पुढे जाऊ नका.

## ४. फोल्डर कुठे ठेवायचा

पाथमध्ये स्पेस नको आणि देवनागरी नाव नको. "नवीन प्रोजेक्ट" अशा फोल्डरात मेक चालेल की नाही हे नशिबावर असतं, कारण मेकला स्पेस म्हणजे दोन वेगळ्या फाइल वाटतात. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरत असाल तर फोल्डर लिनक्सच्या होममध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलात तर चालतं, पण हजारो छोट्या फाइल लिहिताना जीव जातो.

## ५. वेगळं एन्व्हायर्नमेंट, आणि त्या काळची अवजारं

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, आणि बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं अवजार) काही टाकू नका. डेबियन १२ पासून आणि नव्या उबुंटूवर तसं करू गेलात तर "एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" असा एरर येतो. त्यावर --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो. कोणता पर्याय वापरायचा नाही हे त्याचं नावच सांगतंय. त्याऐवजी प्रोजेक्टपुरतं वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे व्हेनव्ह, बनवा:

पायथन३ -एम व्हेनव्ह .व्हेनव्ह
सोर्स .व्हेनव्ह/बिन/ॲक्टिव्हेट

"एन्शुअरपिप" मिळत नाही असं म्हणालं तर पायथन३-व्हेनव्ह हे पॅकेज ॲप्टने टाका, अर्धवट बनलेला .व्हेनव्ह फोल्डर उडवा आणि पुन्हा बनवा. अर्धवट फोल्डर तसाच ठेवून पुढे गेलात तर त्यात पिप नसतो. मग सिस्टिमचा पिप चालतो आणि आपण फिरून तिथेच.

आता रिक्वायरमेंट्स. फाइल डॉक्स फोल्डरात असू शकते, मुळाशी असू शकते, किंवा पायप्रोजेक्ट.टीओएमएलमध्ये "डॉक्स" नावाच्या गटात लपलेली असते. गट असेल तर असं:

पिप इन्स्टॉल -ई ".[डॉक्स]"

टॅग जुना असेल तर खरी मेख इथे आहे. रिक्वायरमेंट्समध्ये नुसतं "स्फिंक्स" लिहिलेलं असतं, व्हर्जन नाही. पिप इमानदारीने आजचं सगळ्यात नवं आणून देतो आणि जुन्या मजकुराशी त्याचं पटत नाही. उलटही होतं: फाइलमध्ये स्फिंक्सचं जुनं व्हर्जन बांधलेलं (ठरवून दिलेलं) असतं, पण स्फिंक्स ज्यांच्यावर उभा आहे ती पॅकेजं मोकळी असतात. पुढचे तीन एरर ओळखून ठेवा.

"एन्व्हायर्नमेंटफिल्टर" जिंजा२ मधून (पानांचे साचे भरायला स्फिंक्स वापरतो ते पॅकेज) इम्पोर्ट होत नाही. मार्च २०२२ मध्ये जिंजा ३.१ आलं आणि त्यातून हे नाव काढून टाकलं. जुना स्फिंक्स आणि नवा जिंजा एकत्र आले की हे होतं. जिंजाला ३.१ च्या खाली बांधा.

"ॲपलहेल्प एक्स्टेन्शनला किमान स्फिंक्स ५.० लागतो." जानेवारी २०२४ मध्ये स्फिंक्सच्या स्फिंक्सकॉन्ट्रिब नावाच्या जोडपॅकेजांची नवी व्हर्जन आली, चारच्या किंवा त्याआधीच्या स्फिंक्सबरोबर ती चालत नाहीत. ॲपलहेल्पला जुन्यावर बांधलं की तोच एरर डेव्हहेल्पचा येतो, मग क्यूटीहेल्पचा. एकेक न करता सगळी एकदम जुन्यावर न्या.

"आयएमजीएचडीआर नावाचं मॉड्यूल नाही." हे मॉड्यूल पायथन ३.१३ मधून गेलं आणि जुना स्फिंक्स त्यावर अवलंबून होता. इथे सरळ मार्ग म्हणजे पायथनच जुना घेणं.

एकेका एररच्या मागे धावण्यापेक्षा एक सरळ मार्ग आहे. यूव्ही नावाचं अवजार टाका. त्याच्या इन्स्टॉल कमांडला --एक्सक्लूड-न्यूअर असा पर्याय आहे. त्याला टॅगची तारीख दिली की त्या तारखेनंतर आलेलं काहीही तो घेत नाही. जुना पायथनही तोच उतरवून देतो. टॅगची तारीख "गिट लॉग -१" ने कळते. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या टॅगसाठी मी आता दुसरं काही करतच नाही.

सावधान: एरर आला म्हणून "पिप इन्स्टॉल --अपग्रेड" मारू नका. जुन्या टॅगवर काम करताना पुढे जाऊन नाही, मागे जाऊनच वाट सापडते.

तपासा: "विच स्फिंक्स-बिल्ड" चं उत्तर .व्हेनव्हच्या आतलं आलं पाहिजे. /यूएसआर/बिन आलं तर एन्व्हायर्नमेंट चालू नाही. नवी टर्मिनल खिडकी उघडली की ॲक्टिव्हेट पुन्हा करावं लागतं.

## ६. प्रोग्रॅम स्वतःही त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये हवा

पायथनच्या लायब्ररींसाठी ही पायरी सोडता येत नाही. ऑटोडॉक नावाचं एक्स्टेन्शन फंक्शनची माहिती थेट कोडमधून काढतं, आणि त्यासाठी तो कोड इम्पोर्ट करतं. लायब्ररी इन्स्टॉल नसेल तर इम्पोर्ट होत नाही, आणि वाईट म्हणजे बिल्ड थांबत नाही. "ऑटोडॉक: फेल्ड टु इम्पोर्ट" अशा वॉर्निंगांचा पाऊस पडतो, शेवटी "बिल्ड सक्सीडेड" येतं, आणि पानं उघडली तर फंक्शनची यादीच गायब.

लायब्ररीत सी किंवा फोर्ट्रानचा भाग असेल तर तो कंपाइलही झाला पाहिजे. कंपायलर आणि पायथनची डेव्ह पॅकेजं आधी टाका. एखादी अवलंबून असलेली लायब्ररी मिळतच नसेल, समजा महागड्या ग्राफिक्स कार्डाशिवाय ती चालत नाही, तर कॉन्फ.पीवायमध्ये ऑटोडॉक_मॉक_इम्पोर्ट्सच्या यादीत तिचं नाव टाका. स्फिंक्स तिथे खोटी बाहुली बसवून पुढे जातो.

याउलट पायथनच्या स्वतःच्या मॅन्युअलला पायथन कंपाइल करायची गरज नाही. डॉक फोल्डरात जाऊन "मेक व्हेनव्ह", मग "मेक एचटीएमएल", एवढंच. पानं बिल्ड/एचटीएमएलमध्ये मिळतात. सुरुवात करायची असेल तर याच्याने करा. तुमची सिस्टिम धड आहे की नाही ते लगेच कळतं.

## ७. पहिलं बिल्ड, आणि एरर वाचायची रीत

आधी साफ करा, मग बिल्ड:

मेक क्लीन
मेक एचटीएमएल

स्फिंक्स वाचलेल्या फाइलींचा साठा डॉकट्रीज फोल्डरात ठेवतो. अवजाराचं व्हर्जन किंवा टॅग बदलला की क्लीन करणं आलंच. काही प्रोजेक्टांत ऑटोसमरीने (फंक्शनच्या याद्या बनवणारं एक्स्टेन्शन) बनवलेल्या आरएसटी फाइल सोर्समध्येच पडून राहतात आणि क्लीनने जात नाहीत. "गिट क्लीन -एनडीएक्स" ने आधी काय उडेल ते बघा. -एनडीएक्समधल्या एनच्या जागी एफ दिलात तर नुसतं बघणं होत नाही, फाइल खरंच उडतात, आणि एक्समुळे .व्हेनव्हही जातं.

मोठ्या प्रोजेक्टचं सगळं मॅन्युअल पहिल्याच फटक्यात बनवू नका. लिनक्स कर्नलला "मेक एचटीएमएलडॉक्स" देताना स्फिंक्सडीआयआरएसमध्ये एका उपफोल्डराचं नाव द्या, तेवढाच भाग बनतो.

आता एरर. टर्मिनलच्या शेवटी "मेक: *** एरर २" असं दिसतं आणि सगळे तीच ओळ शोधत बसतात. ती ओळ फक्त एवढंच सांगते की वर काहीतरी बिघडलं. वर स्क्रोल करा आणि पहिली लाल ओळ शोधा. पहिली सुटली की खालच्या अर्ध्या आपोआप जातात. स्क्रोल पुरत नसेल तर:

मेक एचटीएमएल २>&१ | टी बिल्ड.लॉग

स्फिंक्स स्वतः कोसळला तर "फुल ट्रेसबॅक" टीएमपी फोल्डरात अमुक फाइलमध्ये ठेवला आहे असं सांगतो. ती फाइल उघडा आणि तिथे मात्र शेवटून वाचा, कारण पायथनच्या ट्रेसबॅकमध्ये खरं कारण तळाला असतं. मेकचं आउटपुट वरून, ट्रेसबॅक खालून. ही एक गोष्ट पक्की झाली तरी निम्मे प्रश्न कुणाला विचारावे लागत नाहीत.

वारंवार दिसणारे बाकीचे पटापट:

"मिसिंग सेपरेटर": मेकफाइल कुठूनतरी कॉपी-पेस्ट केली आणि टॅबच्या जागी स्पेस आल्या.

"वॉर्निंग, ट्रीटेड ॲज एरर": प्रोजेक्टने -डब्ल्यू लावलेलं आहे, म्हणजे एकही वॉर्निंग आली तरी बिल्ड नापास. नव्या अवजारांच्या नव्या वॉर्निंग येतात आणि काम अडतं. फक्त वाचायचं असेल तर "मेक एचटीएमएल स्फिंक्सऑप्ट्स=" असं रिकामं देऊन बघा. दुरुस्ती पाठवायची असेल तर मात्र -डब्ल्यू काढू नका. जुन्या स्फिंक्सवर त्याला --कीप-गोइंग जोडा म्हणजे सगळ्या वॉर्निंग एकदम दिसतात.

"फेल्ड टु रीच एनी ऑफ द इन्व्हेंटरीज": इंटरस्फिंक्स दुसऱ्या प्रोजेक्टच्या मॅन्युअलची सूची नेटवरून आणायला गेला आणि नेट नव्हतं. बिल्ड तरीही होतं, फक्त बाहेरचे दुवे लागत नाहीत. डोंगलचा सिग्नल येत-जात असेल तर इंटरस्फिंक्स_टाइमआउट लावून ठेवा, नाहीतर तो वाट बघत बसतो.

"डॉट कमांड कॅनॉट बी रन": ग्राफव्हिझ नाही. हे पिपने टाकायचं नसतं, ॲप्टने टाकायचं. पिपमध्ये त्याच नावाचं पॅकेज आहे, पण त्यात डॉट प्रोग्रॅम येत नाही. यात फसलेले पुष्कळ पाहिले.

विंडोजवर "युनिकोडडीकोडएरर": पायथनयूटीएफ८=१ हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावा. पॉवरशेलमध्ये नुसतं "मेक एचटीएमएल" चालत नाही, पुढे ठिपका आणि बॅकस्लॅश लावून मेक बॅच फाइलच चालवावी लागते.

तपासा: "बिल्ड सक्सीडेड" वाचून उठू नका. इंडेक्स पान, एखादं फंक्शनचं पान, एखादं चित्र असलेलं पान आणि सर्च, चारही उघडून बघा. चित्राच्या जागी मजकुराच्या तीन ओळी मिळाल्या तर प्रोजेक्ट गिट एलएफएस (मोठ्या फाइल वेगळ्या ठेवण्याची सोय) वापरतंय. "गिट एलएफएस पुल" करा.

## ८. मराठी मजकूर असेल तर

ही अडचण इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही, म्हणून सविस्तर.

प्रत्यय. आपण नामाला ने, ला, मध्ये, चा चिकटवून लिहितो. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टला, म्हणजे आरएसटी फाइलींच्या लेखनपद्धतीला, ते चालत नाही. कोड दाखवणारी खूण संपली की पुढे स्पेस किंवा विरामचिन्ह हवंच. त्यामुळे

``मेक``ने फाइल बनते

असं लिहिलं की "इनलाइन लिटरल स्टार्ट-स्ट्रिंग विदाउट एंड-स्ट्रिंग" ही वॉर्निंग येते आणि बॅकटिक तसेच पानावर छापले जातात. उपाय: मध्ये बॅकस्लॅश आणि एक स्पेस.

``मेक``\ ने फाइल बनते

पानावर ती स्पेस दिसत नाही, "ने" चिकटूनच येतो. ठळक अक्षरांना आणि रेफरन्सच्या दुव्यांनाही हाच नियम. प्रत्येक ओळीत हे करणं कंटाळवाणं आहे हे खरं. म्हणून जमेल तिथे वाक्यच फिरवा: "``मेक`` ही कमांड फाइल बनवते."

हेडिंगखालची रेघ. स्फिंक्समध्ये हेडिंगखाली तेवढ्याच लांबीची रेघ लागते. "मुद्रण" डोळ्याला तीन अक्षरं दिसतं, पण मात्रा आणि जोडाक्षराचे भाग धरून स्फिंक्स त्यात पाच मोजतो. रेघ चारच असेल तर "टायटल अंडरलाइन टू शॉर्ट" येतं. तीनच असेल तर ते हेडिंग धरलंच जात नाही, साधा मजकूर होतो, आणि हेडिंग का दिसत नाही म्हणून आपण थीमला दोष देत बसतो. रेघ लांब असलेली चालते. डोळे मिटून चाळीस चिन्हं टाका.

अनुवाद केला, पण पान इंग्रजीच. क्रम असा: "मेक गेटटेक्स्ट" ने मूळ वाक्यांच्या फाइल बनवायच्या, मग "स्फिंक्स-इंटल अपडेट" ला -एल एमआर देऊन मराठीच्या पीओ फाइल (मूळ वाक्य आणि त्याखाली अनुवादाची जागा), त्या भरायच्या, आणि बिल्ड करताना -डी लँग्वेज=एमआर. तरीही इंग्रजीच दिसलं तर पीओ फाइलमध्ये त्या वाक्याच्या वर "फझी" लिहिलंय का बघा. मूळ वाक्य थोडं बदललं की अपडेट करताना ही खूण लागते, आणि फझी वाक्य स्फिंक्स वापरत नाही. अनुवाद तपासून खूण काढा. वाक्यातले दुवे अनुवादात कमी-जास्त झाले तर "इनकन्सिस्टंट रेफरन्सेस" येतं. दुव्याच्या खुणा मूळ वाक्यात आहेत तशाच उचला.

## ९. पीडीएफ सर्वांत शेवटी

एचटीएमएल धड झाल्याशिवाय पीडीएफला हात लावू नका. लाटेकचे (पीडीएफची पानं मांडणारं अवजार) एरर त्यात मिसळले की काय कशामुळे हे समजतच नाही. टेक्सलाइव्ह-फुल काही जीबींचं आहे. त्याऐवजी लाटेक-रेकमेंडेड, लाटेक-एक्स्ट्रा, फॉन्ट्स-रेकमेंडेड, झीटेक ही टेक्सलाइव्हची पॅकेजं आणि लाटेकएमके एवढ्याने बहुतेक काम होतं.

मराठी मजकुरासाठी नेहमीचं पीडीएफलाटेक कामाचं नाही. देवनागरी अक्षर आलं की ते थांबतं. कॉन्फ.पीवायमध्ये लाटेक_इंजिन झीलाटेक करा. मग दुसरी अडचण: अक्षरं येतात, पण "कि" मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. फॉन्ट आहे, पण लिपी सांगितलेली नाही. लाटेक_एलिमेंट्समधल्या फॉन्टपीकेजीत सेटमेनफॉन्टला स्क्रिप्ट=देवनागरी हा पर्याय देऊन नोटो सेरिफ देवनागरी लावा. हेडिंगसाठी सेटसॅन्सफॉन्टही तसाच, नाहीतर मजकूर सुधारतो आणि हेडिंग फुटकी राहतात.

तपासा: "एफसी-लिस्ट :लँग=एमआर" मारल्यावर मशीनवरचे मराठीला चालणारे फॉन्ट दिसतात. यादी रिकामी आली तर आधी फॉन्ट टाका.

## १०. स्फिंक्स नसलेल्यांसाठी

लिनक्ससीएनसीत डॉक्युमेंटेशन कॉन्फिगरच्या वेळीच चालू करावं लागतं: --एनेबल-बिल्ड-डॉक्युमेंटेशन=एचटीएमएल. नुसतं एनेबल केलं तर पीडीएफही बनायला लागतात. त्याशिवाय --डिसेबल-बिल्ड-डॉक्युमेंटेशन-ट्रान्सलेशन द्या. नाहीतर तो सगळ्या भाषांतली मॅन्युअलं बनवत बसतो आणि जुन्या मशीनवर त्यात अख्खी दुपार जाते. लागणारी पॅकेजं एकेक शोधू नका. डेबियनवर आधी "./डेबियन/कॉन्फिगर" आणि मग "डीपीकेजी-चेकबिल्डडेप्स" चालवलं की काय कमी आहे ते तोच सांगतो.

पोस्टग्रेएसक्यूएलला आधी कॉन्फिगर, मग डॉक/एसआरसी/एसजीएमएलमध्ये मेक एचटीएमएल. डॉकबुक-एक्सएमएल, डॉकबुक-एक्सएसएल, लिबएक्सएमएल२-युटिल्स आणि एक्सएसएलटीप्रॉक ही चार कॉन्फिगरच्या आधी हवीत. नंतर टाकलीत तर कॉन्फिगर पुन्हा. पीडीएफ एफओपीने (जावावर चालणारं अवजार) बनतो आणि मेमरी कमी पडून मधेच पडतो. एफओपी_ऑप्ट्समध्ये जावाची मेमरी वाढवून द्यावी लागते.

एमकेडॉक्स सोपं आहे: "एमकेडॉक्स बिल्ड --स्ट्रिक्ट", पानं साइट फोल्डरात.

## ११. तयार पानं दुसऱ्या मशीनवर नेताना

जमलेल्या एन्व्हायर्नमेंटचं "पिप फ्रीझ" एका फाइलमध्ये काढून ठेवा, पुढच्या वेळी पाचवी पायरी वाचते.

वर्कशॉपच्या मशीनवर इंडेक्स.एचटीएमएल एकटी नेऊन चालत नाही. _स्टॅटिक आणि _इमेजेससकट पूर्ण एचटीएमएल फोल्डर हवा. एमकेडॉक्सची पानं फाइलवर डबल क्लिक करून उघडली तर सर्च चालत नाही आणि दुवे फोल्डरची यादी दाखवतात. त्या फोल्डरात "पायथन३ -एम एचटीटीपी.सर्व्हर ८०००" चालवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८००० उघडा. तेही जमण्यासारखं नसेल तर बिल्डच्या आधी यूज_डिरेक्टरी_यूआरएल्स फॉल्स करा. दुवे सुधारतात, सर्च तरीही येत नाही. पेन ड्राइव्हवर सुट्या फाइल कॉपी करण्यापेक्षा टार करून एक फाइल न्या आणि तिकडे हार्ड डिस्कवर सोडा. पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटमध्ये लहान-मोठ्या अक्षरांच्या नावांत फरक धरला जात नाही, आणि दोन पानांची नावं तेवढ्यानेच वेगळी असतील तर एक दुसऱ्यावर बसतं.